हरवले-सापडले

शाळेच्या ऑफिसबाहेर, हीटरला टेकून
एक निळा खोका असतो.
दर शुक्रवारी साडेतीनला मी त्यात वाकते.
आजवरचा हिशोब:
डाव्या हाताचे चार हातमोजे,
तीन पाण्याच्या बाटल्या, एक प्लास्टिकची बासरी,
आणि एकदा बूट. एकच.
त्या दिवशी ती घरी कशी चालत आली
हे मी अजून विचारलेलं नाही.

मी हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात औषधं देते.
गोळ्या मोजते, मग पुन्हा मोजते.
माझ्या पोटी ही अशी कशी,
असं मी कुणापाशी म्हटलेलं नाही.
मोठ्याने तरी नाही.

"लक्ष दे गं," एवढं मात्र म्हणते.
मोजे चढवताना, दुधाच्या कपाशी,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
जिथे ती रोज काहीतरी बघत थांबते.
रविवारी तिला मराठी आकडे शिकवत होते.
पेन्सिल चावत म्हणाली,
"लक्ष म्हणजे लाखच ना, आई?"
"हो."
"मग एवढे मी कुठून देऊ?"
मी हसले.
तिने विनोद केला नव्हता.

सप्टेंबरात नावाच्या पन्नास पट्ट्या मागवल्या.
शाल्मली टेंबे, लाल धाग्यात.
रात्री बसून एकेक शिवली:
स्वेटर, कोट, टोपी, डब्याची पिशवी.
दिवाळीपर्यंत सगळ्या गेल्या.
"गळून पडल्या?"
"नाही. मीच कापल्या."
कात्री शाळेचीच होती, बोथट.
"मिस हॅगर्टी वस्तू वर धरतात,
मोठ्याने नाव वाचतात.
मग सगळे म्हणतात, अगेन!
एका सुरात. आरतीसारखं.
नाव नसलं की ते कुणाचंच नसतं."
आणि तिने डब्यातली द्राक्षं
एकेक करून टेबलावर रांगेत लावली.

त्याच आठवड्यात पत्र आलं:
आपल्या मुलीचं नाव यादीत घेतलं आहे.
तपासणीला सुमारे एकशे दहा आठवडे लागतील.
मी मोजलं. पुन्हा मोजलं.
तोवर ती बारा पूर्ण करेल,
आणि काय काय कापायला शिकलेली असेल.

सत्राचा शेवटचा दिवस. खोका उतू चाललेला.
उरलेलं सगळं धर्मादाय दुकानात जाणार,
मिसेस ऑग्डन काळी पिशवी झटकत म्हणाल्या.
शाल्मली जमिनीवर बसली,
फरशीवर मांडी घालून, कोट न काढता.
"ही बाटली ओवेनची, त्याचा कुत्रा झाकण चावतो.
हा मफलर झैनबचा, तिच्या आजीच्या तेलाचा वास येतोय.
हा काचपरचा. याची बाही तो चोखतो,
पण हे त्याला सांगू नका.
ही टोपी टिलीची. आत्ता नको देऊ,
तिचे बाबा गेले ना, त्यांनी आणलेली,
सगळ्यांसमोर दिली तर रडेल."
एकावरही नाव नव्हतं.
मिसेस ऑग्डन लिहून घेत होत्या,
मग त्यांचं पेन थांबलं.
मीही उभी होते, हातात गाडीची किल्ली,
पार्किंगची वेळ संपून गेलेली.

तळाशी एक करडा स्वेटर राहिला.
"आणि हा?"
तिने खांदे उडवले.
"माहीत नाही."
मानेपाशी आतून
लाल धाग्याचे चार तुकडे.

"माझा आहे," मी म्हटलं.
मिसेस ऑग्डननी स्वेटरकडे बघितलं,
वय वर्षं नऊ-दहा,
मग माझ्याकडे, आडवं आणि उभं.
"हो का," म्हणाल्या,
आणि वहीत टेंबे लिहिलं, नुसतं टेंबे.

गाडीत शाल्मली बराच वेळ गप्प होती.
किंवा नव्हती,
खिडकीच्या काचेशी काहीतरी बोलत होती.
उतार संपता संपता म्हणाली, थंडी वाजतेय,
आणि तुझा दे ना, म्हणाली.
घातला तो उलटा.
शिवण बाहेर,
धाग्याची चार टोकं मानेवर, उघडी.

ओठांवर आलं होतं माझ्या, लक्ष दे.
सिग्नल लाल होता.
मी गिअर काढला, आणि तिला विचारलं,
त्या तिसऱ्या पायरीवर काय असतं गं?